एकांताची शिदोरी



दोघीतिघी कोपऱ्यात डोकं जुळवून कुजबुजत बसल्या, की घरातलं कुणीतरी विचारतंच, "काय खलबतं चाललीत?" गड बघायला गेलो तर तिथेही खलबतखाना दाखवतात. राजा कारभाऱ्यांशी गुप्त मसलत करायचा ती जागा. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, आणि फारसीत अरबीतून. मूळ शब्द खल्वत. त्याचा अर्थ एकांत, म्हणजे एकट्याने असणं. आपल्या भाषेत येईपर्यंत त्या एकांतात चार माणसं शिरली! सुफी लोक मात्र खल्वत म्हणतात ते एक माणूस आणि त्याचा अल्ला, एवढ्याच दोघांच्या वेळेला.

हा विषय आमच्याकडे रमजानमधल्या एका मासिक बैठकीत निघाला. वसुली लिहून झाली होती, चहाचा प्रश्नच नव्हता, कारण निम्म्या जणींचे रोजे. गटातल्या एक चाची आतल्या खोलीत नमाज पढायला गेल्या. नमाज आटोपली तरी त्या बराच वेळ ओंजळ पसरून बसल्या होत्या. बाहेर आल्यावर एकीने सहज विचारलं, "एवढा वेळ काय मागत होता चाची?" त्या म्हणाल्या, "नमाज सगळ्यांची सारखी असते गं. दुवा ज्याचा त्याचा."

आम्ही समन्वयक म्हणून गावोगाव हिंडणाऱ्या काहीजणी. बी.ए.ला इतिहास घेतलेल्याही आमच्यात आहेत. त्या इतिहासात राजे होते, लढाया होत्या, सनावळ्या होत्या. एकटी बसून दुवा मागणारी बाई त्यात कुठे भेटली नव्हती. म्हणून आम्ही वाचायला लागलो, जाणत्यांना विचारायला लागलो. त्यातून हाती आलेलं आज सांगतो.

आधी दोन शब्दांचा उलगडा. नमाज दिवसातून पाच वेळा, ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या अरबी शब्दांत. दुवा कधीही मागता येतो आणि आपल्या भाषेत मागता येतो. मराठीत, दख्खनीत, ओठ न हलवता मनातल्या मनातसुद्धा. त्यातही एकट्याने, आवाज खाली ठेवून, जिवाभावाच्या माणसाशी बोलावं तसं अल्लाशी जे बोलणं होतं, त्याला मुनाजात म्हणतात. मुनाजात म्हणजे हितगूज, कानगोष्ट. पाळीच्या दिवसांत बाईला नमाज आणि रोजा माफ असतो, पण दुवा मागायला तेव्हाही आडकाठी नसते. हे कळल्यावर आमच्या एका हिंदू मैत्रिणीने भुवया उंचावल्या. आपल्याकडे त्या चार दिवसांत देवाचं नाव मनात घ्यावं की नाही यावरही वाद घालणाऱ्या सासवा आहेत.

आता थेट अरबस्तानात जाऊ. मक्का शहराजवळ एक उघडाबोडका डोंगर आहे, त्यावर हिरा नावाची लहानशी गुहा. हजरत मुहंमद पैगंबर चाळिशीच्या सुमाराला तिथे एकटे जाऊन बसायचे. शहराच्या गजबजाटापासून लांब, काही रात्री सलग. इसवी सन ६१० मध्ये तिथेच त्यांना कुराणातले पहिले शब्द ऐकू आले, अशी मुसलमानांची श्रद्धा आहे. ही गोष्ट शाळेतही थोडीफार शिकवतात. तिच्यातला एक तपशील मात्र बहुतेक पुस्तकं गाळतात, आणि आम्ही तिथेच थबकलो. पैगंबर गुहेत जाताना बरोबर शिदोरी नेत. ती संपली की घरी परत येत, आणि बीबी खदिजांकडून तेवढ्याच दिवसांची नवी शिदोरी घेऊन पुन्हा डोंगर चढत.

खदिजा म्हणजे साधी बाई नव्हे. मक्केतली नावाजलेली व्यापारीण, जिचा माल उंटांच्या तांड्यांवरून दूरवर जायचा. पैगंबर लग्नाआधी तिच्याच व्यापाराचं काम बघत होते. वयानेही ती मोठी. घरात मुली, बाहेर व्यापार, आणि नवरा डोंगरावर. तिने त्यावर कुरकूर केल्याचं कुठे लिहिलेलं नाही. ज्या रात्री ते गुहेतून थरथर कापत घरी आले, त्या रात्री तिने त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं, धीर दिला, तुम्ही नातेवाइकांना धरून राहता, गोरगरिबांचा भार उचलता, तेव्हा अल्ला तुमचं वाईट करणार नाही अशा अर्थाचं बोलली, आणि मग त्यांना आपल्या जाणत्या चुलतभावाकडे घेऊन गेली. इस्लामवर पहिला विश्वास ठेवणारी व्यक्ती म्हणून खदिजांचंच नाव घेतात.

हा सगळा वृत्तांत आपल्यापर्यंत पोहोचला तो बीबी आयेशांच्या तोंडून. आयेशा ही पैगंबरांची पुढच्या काळातली पत्नी. पैगंबरांच्या आठवणींना हदीस म्हणतात, आणि हदीस सांगणाऱ्यांत आयेशांचं नाव फार वरचं आहे. आम्हाला असं वाटतं, की गोष्ट सांगणारी बाई होती म्हणून शिदोरी टिकली. पुरुषाने सांगितली असती तर गुहा राहिली असती, डबा राहिला नसता. हा आमचा तर्क आहे, आलिम लोकांनी रागावू नये.

मदिनेला आल्यावर एकांताची एक रीत बसली, तिचं नाव एतिकाफ. रमजानचे शेवटचे दहा दिवस मशिदीतच मुक्काम करायचा, बाहेरची कामं सोडायची, नमाज, कुराण आणि दुवा यांत वेळ घालवायचा. आयेशांची खोली मशिदीला लागूनच होती. पैगंबर एतिकाफमध्ये असताना मशिदीतूनच डोकं खोलीच्या बाजूला करत आणि आयेशा त्यांचे केस विंचरत. एवढा मोठा धर्मसंस्थापक, आणि आठवण राहिली ती फणीची. आम्हाला हे फार आवडलं.

एका वर्षी आयेशांनी मशिदीच्या आवारात स्वतःसाठी एतिकाफचा तंबू लावायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. ते पाहून हफसा आणि जैनब या इतर पत्नींनीही तंबू लावले. सकाळी पैगंबरांनी तंबूंची ती रांग पाहिली. हे पुण्यासाठी चाललंय का, अशा अर्थाचं विचारून त्यांनी तंबू काढायला लावले. त्या रमजानमध्ये ते स्वतःही एतिकाफला बसले नाहीत, पुढच्या महिन्यात बसले. बायकांना मनाई होती असा याचा अर्थ नव्हे. ६३२ मध्ये पैगंबर गेल्यावर त्यांच्या पत्नी एतिकाफला बसत राहिल्या, अशी नोंद आहे. मग तंबू का काढले? चढाओढ दिसली म्हणून, असं बरेच टीकाकार सांगतात. ज्या वाडीत एकीने उपासाचं उद्यापन घातलं की दुसरी त्याहून मोठं घालते, त्या वाडीतल्या आम्हाला हे समजायला जड गेलं नाही.

याच दहा रात्रींत एक रात्र फार मोलाची मानतात, शबे कद्र. ती नेमकी कोणती हे ठरलेलं नाही. बरेच लोक सत्ताविसावी धरतात. आयेशांनी पैगंबरांना विचारलं, की ती रात्र मला सापडली तर मी काय बोलू? त्यावर त्यांनी एक दुवा शिकवला. तो इतका छोटा आहे की एका दमात म्हणून होतो. त्यात फक्त क्षमा मागितली आहे. ना मूलबाळ, ना पैसा, ना नवऱ्याचं आयुष्य. जगभरातले मुसलमान रमजानच्या शेवटच्या रात्री जागून हाच दुवा म्हणतात, आपल्या तालुक्यातल्या मशिदीत आणि घराघरांतही. एका बाईने प्रश्न विचारला म्हणून तो मिळाला, हे चाचींना माहीत होतं. आमच्यातल्या इतरांना ते पहिल्यांदाच कळत होतं.

पुढे धर्मशास्त्र लिहिणाऱ्यांपुढे प्रश्न आला, की बाईने एतिकाफ कुठे करायचा? आपल्या महाराष्ट्रात देशावर बहुतेक मुसलमान हनफी मताचे. त्या मतानुसार बाई घरातच, नमाजसाठी ठरवलेल्या कोपऱ्यात बसू शकते. कोकणातले मुसलमान शाफी मताचे, त्यांच्याकडे एतिकाफ मशिदीतच व्हावा लागतो. म्हणजे ज्या गावच्या मशिदीत बायकांना जागा नाही, तिथल्या बाईची अडचणच. आमच्या भागात घरी बसणाऱ्या काहीजणी आहेत. खोलीच्या एका कोपऱ्याला जुन्या साडीचा आडोसा, आत जानमाज, तसबीह, पाण्याचा तांब्या. एकजण गेल्या वर्षी दहा दिवसांचा इरादा करून बसल्या. चौथ्या दिवशी म्हैस व्याली, घरात दुसरं कुणी नव्हतं, उठावं लागलं. सांगताना त्या हसत होत्या, पण डोळ्यांत पाणी होतं. हिराच्या डोंगराखाली खदिजा होती. या ताईंच्या आडोशाबाहेर कोण होतं?

हाच प्रश्न मनात ठेवून आता इराकमधल्या बसरा शहरात जाऊ. बसरा सातव्या शतकात लष्कराची छावणी म्हणून वसलं आणि बघता बघता मोठं व्यापारी बंदर झालं. पैसा आला, गुलामांचे बाजार भरले, आणि त्या सगळ्याला विटलेली माणसंही तिथेच तयार झाली. त्यांत बायका बऱ्याच होत्या. मुआजा अदविया ही त्यांतली एक. ती आयेशांकडून शिकलेली. पाळीतले बुडालेले रोजे बाईने पुढे भरून काढायचे, पण बुडालेली नमाज भरायची नाही, असं का, हा प्रश्न तिनेच आयेशांना विचारला होता. त्याचं उत्तर हदीसच्या ग्रंथांत आहे आणि बायका आजही त्याप्रमाणे वागतात. मुआजा रात्र रात्र जागून प्रार्थना करायची. झोप अनावर झाली की उठून घरात फेऱ्या मारायची, आणि झोपायला पुढे कबरीत भरपूर वेळ आहे असं स्वतःला बजावायची. तिचा नवरा आणि मुलगा एकाच लढाईत मारले गेले. एकांत तिने आधी निवडला होता, एकटेपण नंतर वाट्याला आलं.

तिच्यानंतर काही वर्षांनी त्याच शहरात राबिया झाली. राबिया बसरी हे नाव कव्वालीतून, बयानातून तुमच्यापैकी अनेकींनी ऐकलं असेल. राबिया म्हणजे चौथी. घरात आधीच तीन मुली, ही चौथी, म्हणून ते नाव, असं सांगतात. आपल्याकडच्या 'नकोशी'ची आठवण येते, पण या घरात ती नकोशी होती असं कुणी म्हटलेलं नाही. गरिबी एवढी, की ती जन्मली त्या रात्री दिव्यात तेल नव्हतं. बाप शेजाऱ्याकडे मागायला गेला आणि मागायला जीभ रेटेना म्हणून दाराला हात लावून परत आला. पुढे आईबाप गेले, दुष्काळ पडला, बहिणी पांगल्या, आणि कुणीतरी राबियाला धरून बाजारात सहा दिरहमला विकलं. दिवसभर ती धन्याचं घरकाम करायची. रात्री सगळे झोपल्यावर उभी राहायची. एका रात्री धन्याला जाग आली. त्याने खिडकीतून पाहिलं तर राबिया सजद्यात होती आणि अल्लाला सांगत होती, की माझ्या हातात असतं तर मी क्षणभरही तुझ्या सेवेतून उठले नसते, पण तूच मला दुसऱ्या माणसाच्या ताब्यात दिलं आहेस, म्हणून तुझ्याकडे यायला उशीर होतो. धन्याने सकाळी तिला मोकळं केलं.

ही गोष्ट लिहिली फरीदुद्दीन अत्तार यांनी, आपल्या संतचरित्रांच्या ग्रंथात, राबिया गेल्यावर सुमारे चारशे वर्षांनी. राबियाचा मृत्यू साधारण ८०१ सालचा धरतात. चारशे वर्षांत गोष्टीला किती पुटं चढतात हे आपल्या संतांच्या चरित्रांवरून आपल्याला ठाऊकच आहे. तेव्हा सहा दिरहम म्हणजे सहाच होते का, यावर पैज लावू नये. पण त्या रात्रीच्या तक्रारीतलं दुखणं खोटं वाटत नाही. दिवस दुसऱ्याचा आहे, रात्र तेवढी माझी. हे कुठल्याही सुनेला समजावून सांगावं लागत नाही.

राबियाबद्दलची सगळ्यात जुनी नोंद याहून साधी आहे, आणि ती आम्हाला जास्त मोलाची वाटते. बसऱ्यातच जाहिज नावाचा मोठा लेखक होऊन गेला. राबिया वारली तेव्हा तो तरुण होता, त्यामुळे तिला ओळखणारी माणसं त्याने पाहिलेली असणार. त्याने लिहिलंय, की लोक राबियाला म्हणाले, तुझ्या भाऊबंदांना सांगून तुझ्यासाठी एक दासी विकत घेऊ या, म्हणजे घरकाम तुझ्या मागचं सुटेल. तिने नाही म्हटलं. ज्याच्या मालकीचं हे जग आहे त्याच्याकडेसुद्धा जगातली वस्तू मागायची मला लाज वाटते, मग ज्यांच्या मालकीचं ते नाहीच त्यांच्याकडे कशी मागू, असा तिच्या उत्तराचा आशय.

एवढ्या मोठ्या संत बाईची पहिली आठवण ही अशी घरकामाची आहे! बैठकीत आम्ही हे सांगितलं तेव्हा वाद झाला. "घ्यायची होती की बाई, तेवढाच जीव मोकळा झाला असता," असं दोघीतिघी म्हणाल्या. एक वयस्क मावशी मात्र गप्प होत्या. मग म्हणाल्या, "जी स्वतः विकली गेली ती दुसरीला विकत घेईल होय?" यावर कुणाला काही बोलता आलं नाही. पुढे राबियाजवळ अब्दा नावाची बाई राहत होती, पण ती शिष्येच्या नात्याने, आपखुशीने सेवा करणारी. तिनेच सांगून ठेवलंय, की राबिया रात्रभर प्रार्थनेत असायची, पहाटे बसल्या जागी जराशी डुलकी घ्यायची आणि दचकून उठायची.

राबियाच्या नावावर ज्या मुनाजाती सांगतात, त्यांत एक रात्रीची आहे. चांदण्या निघाल्यात, गावाचे डोळे मिटलेत, राजेरजवाड्यांनी दारं लावून घेतलीत, आणि आता मी तुझ्यासमोर आहे, अशा आशयाची. दुसरी जास्त प्रसिद्ध आहे. नरकाच्या भीतीने किंवा स्वर्गाच्या आशेने मी तुझी भक्ती करत असेन तर मला दोन्हीकडून दूर ठेव, पण ती फक्त तुझ्यासाठी असेल तर तुझं दर्शन मला नाकारू नकोस, असं मागणं. आपल्या नवसांची यादी डोळ्यांसमोर आणली की या मागण्याचं वजन कळतं. बोकड नाही, साडीचोळी नाही, फेडाफेडीचा व्यवहारच नाही. बचत गटात आपण सगळं देणं-घेणं वहीत लिहितो. ही बाई वहीच मिटून बसली होती.

बसऱ्यातले मोठमोठे आलिम तिच्याकडे यायचे आणि बोलणी खाऊन जायचे. सुफयान सौरी हे तर त्या काळातले नावाजलेले धर्मपंडित. त्यांनी तिच्यासमोर दुवा मागितला, की अल्ला माझ्यावर राजी हो. राबियाने विचारलं, तू स्वतः त्याच्यावर राजी नाहीस, मग त्याने राजी व्हावं असं मागायला लाज कशी वाटत नाही? तिने लग्न केलं नाही. मागण्या आल्या होत्या, तिने नाकारल्या. आठव्या शतकातली, गुलामीतून सुटलेली, नवऱ्याच्या आधाराशिवाय राहणारी बाई, आणि शहरातले पुरुष तिच्या उंबऱ्यावर शिकायला बसलेले.

ती एकटी होती असंही नाही. निशापूरचे सुलमी नावाचे अभ्यासक १०२१ मध्ये वारले. त्यांनी फक्त सुफी बायकांवर एक पुस्तक लिहून ठेवलं होतं, सुमारे ऐंशी जणींच्या आठवणी, पहिलंच नाव राबियाचं. ते पुस्तक हरवलं असंच अभ्यासक धरून चालले होते. १९९१ साली रियाध शहरात त्याचं हस्तलिखित हाती लागलं आणि मग ते छापलं गेलं. तोवर ऐंशी बायका कुठल्यातरी कपाटात गप्प पडून होत्या.

सगळ्यांनाच राबियासारखं जगणं जमणार नाही हेही उघड आहे. एकांताला छप्पर लागतं, दाराला कडी लागते, चूल पेटती लागते. इजिप्तमधल्या कैरो शहरात १२८५ साली या गोष्टीचा विचार झालेला दिसतो. सुलतान बैबर्सच्या मुलीने जैनब नावाच्या एका विदुषीसाठी आश्रमासारखं एक घर बांधून दिलं. त्याला रिबात म्हणत. तलाक दिलेल्या किंवा नवऱ्याने टाकलेल्या बायका तिथे राहायच्या, पुन्हा लग्न होईपर्यंत किंवा नवरा नांदवायला नेईपर्यंत. शिस्त कडक होती, प्रार्थनेचा नेम होता, आणि राहणाऱ्यांना शिकवायला जैनबच होती. परित्यक्ता बाईला लोकांच्या तोंडी लागण्यापासून वाचवणारी चार भिंतींची जागा, आणि तिथला दिवस दुव्यात आणि शिकण्यात. शिदोरी इथे राजकन्येने बांधली. परित्यक्तांचे मोर्चे, मेळावे आपल्या महाराष्ट्रात झाले तेव्हा तालुक्याला अशी एक जागा हवी हीच मागणी होती ना?

आता घराकडे वळू. आमचा भाग सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिणेला, विजापूर काही फार लांब नाही. तिथे १४९० ते १६८६ आदिलशाही होती आणि सुफी फकिरांची मोठी परंपरा होती. त्यांतल्या काहींनी जड फारसी बाजूला ठेवून दख्खनी बोलीत गाणी रचली. जात्यावर म्हणायचा तो चक्कीनामा, सूत कातताना म्हणायचा तो चरखानामा, बाळाला झोपवताना म्हणायचा तो लोरीनामा. रिचर्ड ईटन या इतिहासकाराने १९७८ मध्ये विजापूरच्या सुफींवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांचं म्हणणं असं, की खेड्यापाड्यांत ही शिकवण मोठ्या ग्रंथांनी पोहोचवली नाही. ती पोहोचवली दळताकांडताना गाणाऱ्या बायकांनी. चक्कीनाम्यात जात्याचा उभा खुंटा म्हणजे अलिफ हे अक्षर, अल्लाच्या नावाचं पहिलं अक्षर, असं समजावलेलं असतं. हाताने खुंटा फिरवायचा आणि प्रत्येक फेऱ्याला अल्लाचं नाव घ्यायचं. सुफी लोक नामस्मरणाला जिक्र म्हणतात. खानकाहमधला फकीर चाळीस दिवसांचा चिल्ला धरून, दार लावून जिक्र करायचा. बाईला चाळीस दिवस कोण देणार? तिला पहाटेचे दोन तास मिळाले, तेही पायलीभर जोंधळ्यासकट.

याच्या शेजारच्या घरात आपल्या ओव्या होत्या. जनाबाईला दळू लागायला विठ्ठल आला ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना दिसतं, की बाई भावाला सांगत नाही ते जात्याला सांगते, म्हणून तर जात्याला देव म्हणते. एका भिंतीच्या इकडे विठ्ठल, तिकडे अल्ला, आणि दोन्हीकडे तीच घरघर. आम्हाला वाटतं, ही घरघर म्हणजेच बाईचं दार होतं. कडी नव्हती, आडोसा नव्हता, पण जातं फिरत असलं की आत ती काय बोलते हे सासूला नीट ऐकू जात नसे.

म्हणून जातं परत आणा असं आम्ही म्हणणार नाही. ज्यांच्या आयांचे खांदे दळून गेले त्यांना जात्याचं कौतुक सांगू नये. गिरणी आली, बरं झालं. पण गिरणीने दळण नेलं तेव्हा त्याच्याबरोबर ते दोन तासही गेले, आणि रिकामे झालेले तास बाईच्या वाट्याला आले नाहीत, दुसऱ्या कामांनी भरले. मध्ये आम्ही सात गटांत विचारलं, दिवसात तुम्ही एकट्या कधी असता? उत्तरं अशी आली. शेळ्यांमागे. मोटारीची लाइट येण्याची वाट बघत रात्री विहिरीवर. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत. एक म्हणाली, न्हाणीत. सगळ्या हसल्या, आणि मग कुणीच हसेना. एका विधवा ताईंनी उलटच सांगितलं, की मला एकांत नको, मला घर खायला उठतं, तुमच्यात येऊन बसलं की बरं वाटतं. त्यांचंही खरं आहे. राबियाच्या नावाने कुणावर एकटेपण लादू नये.

चाची त्या दिवशी म्हणाल्या होत्या, की मी रात्री सगळे झोपल्यावर तहज्जुद पढते, मग अल्लाला दिवसभराचं सांगते, कर्जाच्या हप्त्यापासून सगळं. उत्तर येतं का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "उत्तरासाठी नाही सांगत. ऐकणारं कुणीतरी जागं आहे, एवढं पुरतं."

यंदाच्या रमजानसाठी आमच्या तीन गटांनी काही ठरवलंय. बैठक दुपारी चारऐवजी सकाळी अकराला होईल, म्हणजे इफ्तारीच्या तयारीची घाई नको. हप्ता शेवटच्या दहा दिवसांच्या आधीच गोळा करायचा. आणि ज्या ताई आडोशाआड बसणार आहेत, त्यांच्या म्हशीची धार आणि डेअरीचा रतीब गटातल्या दोघी आळीपाळीने बघणार आहेत. त्यांनी आपण होऊन नावं दिली, एक मराठ्याची, एक धनगराची. आषाढात त्यातली एक वारीला जाते, तेव्हा तिच्या शेळ्या कुठे बांधायच्या तेही त्याच बैठकीत ठरलं.

जाता जाता एक काम सांगतो. तुमच्या गावात चक्कीनामा किंवा जात्यावरची दख्खनी गाणी येणाऱ्या दादी, नानी असतील तर गटाच्या अध्यक्षांकडे त्यांचं नाव द्या. आम्ही रेकॉर्डर घेऊन येऊ. पूर्ण गाणं आठवत नसेल तरी चालेल, दोन ओळी आणि चाल आठवली तरी पुष्कळ. शक्य असेल तर घरातलं जुनं जातं पुसून ठेवा, कारण खुंटा हातात घेतल्याशिवाय कित्येकींना शब्दच आठवत नाहीत. फक्त शुक्रवार सोडून बोलवा, त्या दिवशी बाजार असतो आणि जुम्माही.